चौथा नमुना

उत्तर स्वीडनमधल्या ग्रानसेले गावच्या आरोग्य केंद्रात रक्त घ्यायला एकच बाई होती, इंगालिल नोर्लुंद. तेहतीस वर्षं ती तिथे होती आणि तेहतीस वर्षांत तिच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही. म्हाताऱ्यांच्या शिरा निसटतात, पोरं खुर्चीवरून निसटतात. ती दोघांनाही पहिल्या फटक्यात धरायची. गावात तिला पाठीमागे ‘सुई’ म्हणत. हे नाव हातामुळे पडलं की जिभेमुळे, यावर गावाचं एकमत नव्हतं. खरं सांगायचं तर जिभेमुळेच.

समोर कोणीही बसो, तिचा पहिला शब्द ठरलेला: “ओळखपत्र.” शेजारीण असो, चर्चचा पाद्री असो, शाळेत एका बाकावर बसलेली मैत्रीण असो. ओळख पटवल्याशिवाय सुई नाही, असं नियमात लिहिलं होतं आणि नियमात लिहिलेलं तिला पुरत होतं. सख्खा धाकटा भाऊ रोलांड जून महिन्यात पहिल्यांदा त्या खुर्चीत येऊन बसला, तेव्हाही तिने हात पुढे केला.

“अगं ताई, एका आईच्या पोटचे आपण!”

“आईच्या पोटातून ओळखपत्र घेऊन आलास का? नाही ना? मग खिशातून काढ.”

रोलांडने हसत कार्ड टेबलावर टाकलं. तिने फोटो पाहिला, त्याचं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. अठ्ठावन्न वर्षं जे तोंड बघत आली ते तेच आहे अशी खात्री करून घेतली आणि दंडाला पट्टा बांधला.

रोलांड लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवायचा. पंचवीस वर्षं त्याने बर्फातून ओंडके ओढले आणि त्यातली निदान पंधरा वर्षं तो प्यायला, सुट्टीच्या दिवशी प्यायला, मग सुट्टी नसलेल्या दिवशी प्यायला. एका सकाळी पोलिसांनी त्याला कारखान्याच्या फाटकापाशी थांबवलं, नळीत फुंकायला लावलं आणि लायसन्स गेलं. बायको त्याच्या आधीच सोडून गेली होती. लायसन्स गेल्यावर मात्र हा माणूस खडबडून जागा झाला. बायको गेल्यावर झाला नाही, पण असतात अशी माणसं. त्याने कानाला खडा लावला, तो खरोखरचा लावला.

लायसन्स परत हवं तर सहा महिने थेंबही घ्यायचा नाही आणि तसं रक्तातून सिद्ध करायचं. चार नमुने. तारीख लायसन्सचं कार्यालय कळवणार, त्या तारखेला हजर राहायचं. आला नाहीस तर प्यायलास असं धरणार. ट्रकचा मालक एस्किल बरा माणूस. तो म्हणाला होता, “तुझी सीट नवीन वर्षापर्यंत रिकामी ठेवतो, रोलांड. त्यापुढे नाही जमायचं, बर्फ वाट बघत नाही.” म्हणजे चारही नमुने स्वच्छ आले तर नाताळाला लायसन्स आणि जानेवारीत ट्रक. ट्रक सोडून रोलांडला दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही नकोही होतं.

त्या तपासणीला केंद्रात सगळे ‘पेथ’ म्हणत. दारू पोटात गेली की रक्तातल्या तांबड्या पेशींच्या कडेला एक पदार्थ तयार होतो. तो दुसऱ्या कशाने होत नाही, फक्त दारूने होतो, आणि तीन-चार आठवडे चिकटून राहतो. आदल्या दिवशी तोंड धुऊन, पुदिन्याच्या गोळ्या चघळून काही उपयोग नाही. महिनाभराची करणी तो एका आकड्यात सांगतो. पॉइंट झिरो फाइव्हच्या खाली आला तर माणूस सुटला. पॉइंट थ्रीच्या वर गेला तर तो रोजचा पिणारा, मग त्याने कितीही शपथा घेऊ देत.

इंगालिलला ही तपासणी मनापासून आवडायची. लोक तिच्या खुर्चीत बसून खोटं बोलायचे, “आठवड्याला दोन बिअर फक्त,” आणि ती मान हलवून नळी भरायची. दहा दिवसांनी कागद यायचा. “बोलणं मी ऐकतच नाही,” ती म्हणायची, “मी कागद वाचते.” याचा तिला गर्व होता.

तो गर्व आला होता लहानपणातून. बाप जंगलात कामाला. तो घरी येऊन ओसरीवर बूट काढायला वाकला की नऊ वर्षांची इंगालिल त्याचा कोट घ्यायला पुढे व्हायची आणि श्वासाचा वास घ्यायची. मागे सहा वर्षांचा रोलांड दारात उभा असायचा. पाठीमागे धरलेल्या हाताची बोटं ती त्याला दाखवायची. एक बोट म्हणजे आज ठीक आहे. दोन म्हणजे जेवू नकोस, झोपायला जा. तीन म्हणजे मागच्या दाराने बाहेर पळ, लाकडाच्या कोठीत जाऊन बस, मी येईपर्यंत येऊ नकोस. तिचा अंदाज कधी चुकला नाही. रोलांडच्या अंगावर त्यामुळे फार वळ उठले नाहीत. जे उठायचे ते तिच्या अंगावर.

म्हणून प्यायलेला माणूस म्हटला की तिच्या डोक्यात तिडीक जायची. रोलांड पिऊन आला की ती त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही. न पिता आला की कॉफी, दालचिनीचा पाव, आणि दुसरं काही नाही.

आता तिचं स्वतःचं सांगायला हवं. स्वयंपाकघरातल्या फडताळात, ओटच्या पिठाच्या पिशवीमागे, लाल वाइनचा तीन लिटरचा खोका असायचा. खाली तोटी असलेला. कामावरून आल्यावर ती पडदा सरकवायची, उंच दांडीचा पेला काढायची आणि तोटी दाबायची. बाटली असती तर संपलेली दिसली असती. खोक्याच्या आत किती उरलंय ते दिसत नाही, म्हणून तिने कधी पाहिलं नाही. दारू विकणारं सरकारी दुकान गावात नव्हतंच, पण ती जवळच्या गावातलं सोडून त्याच्या पलीकडच्या गावातल्या दुकानात जायची. तिथे म्हणे वाइन चांगली मिळते. प्यालेला म्हणजे बाप, प्यालेला म्हणजे रोलांड. ती एक पेला घेत होती. पेला एकच होता, तो भरला किती वेळा जायचा हा मुद्दा वेगळा, आणि तो मुद्दा बारा वर्षांत, नवरा गेल्यापासून, तिच्यापुढे कुणी काढला नव्हता.

पहिला नमुना स्वच्छ आला. ऑगस्टचा स्वच्छ आला, तेही झिंगे खाऊन गाणी म्हणण्याच्या दिवसांत, जेव्हा अख्खं गाव ग्लास उंचावत होतं आणि हा पठ्ठ्या सफरचंदाचा रस घेऊन बसला होता. सप्टेंबरचाही स्वच्छ आला.

“बघ ताई, शाळेत कधी एवढे मार्क पडले नव्हते,” रोलांड म्हणाला.

“चौथा पेपर राहिलाय. शेफारू नकोस.”

असं म्हणाली खरी, पण त्या दिवशी तिने त्याला घरी जेवायला बोलावलं. एल्कचं मांस केलं, वर लिंगनबेरीचा मुरंबा. बारा वर्षांत पहिल्यांदा तिला भावाचा अभिमान वाटला होता आणि तो कसा दाखवायचा ते तिला येत नव्हतं, म्हणून तिने त्याला तीनदा वाढलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रोलांडला रक्ताची उलटी झाली. पाठदुखीसाठी तो महिनोन्महिने गोळ्या खात होता, त्यांनी पोटात व्रण केला आणि तो फुटला. जिल्ह्याच्या इस्पितळात नेलं तेव्हा तो कागदासारखा पांढरा पडला होता. चार पिशव्या रक्त चढवलं. इंगालिल खाटेशी बसून होती आणि दुसरी पिशवी ठिबकत असताना तिच्या फोनवर संदेश आला. रक्तदात्यांना येतो तसा: तुम्ही दिलेलं रक्त आज एका रुग्णाला देण्यात आलं, आभार. ऑक्टोबरात रक्तपेढीची बस गावात आली होती तेव्हा तिने दिलं होतं, दरवेळी द्यायची तसंच. दोघांचाही गट बी निगेटिव्ह, हजारात मोजक्यांचा.

तिने फोन त्याच्यापुढे धरला. “वाच. एवढ्याशा इस्पितळात आज बी निगेटिव्ह आणखी कुणाला लागलं असेल?”

“म्हणजे तुझं रक्त घालताहेत माझ्यात?” रोलांडचा आवाज खोल गेला होता, पण तो हसला. “मेलो. आता मी पण सगळ्यांना ओळखपत्र मागत सुटणार.”

दोघंही हसली. इतकी हसली की परिचारिका डोकावून गेली. इंगालिलला त्या दिवशी जितकं बरं वाटलं तितकं पुष्कळ वर्षांत वाटलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याला घरी सोडलं आणि सहाव्या दिवसाची तारीख लागली, चौथ्या नमुन्याची.

“उभं राहिलं की गरगरतंय, ताई. डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन पुढे ढकलू का?”

“अजिबात नाही. तारीख म्हणजे तारीख. ढकललीस तर शंका घेतील. मी गाडी घेऊन येते.”

ती गेली, त्याला आणलं, खुर्चीत बसवलं, म्हणाली, “ओळखपत्र,” आणि रक्त घेतलं.

आकडा आला पॉइंट झिरो नाइन.

दर दोन आठवड्यांनी दक्षिणेकडून विमानाने येणारा भाडोत्री डॉक्टर फाल्क होता. त्याने कागद पाहिला, रोलांडला विचारलं, “काही घेतलंस का?” रोलांड म्हणाला, “नाही.” फाल्कने ‘रुग्ण नाकारतो’ असं लिहिलं आणि कागद पुढे पाठवला. व्रणाची नोंद त्याने वाचली, तीही पिणाऱ्या माणसाच्या पोटाची असते तशी वाचली. अर्ज नामंजूर झाला. सहा महिने पुन्हा पहिल्यापासून.

रोलांड बहिणीकडे आला. कोट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला.

“ताई, एक थेंब नाही घेतला. जूनपासून एक थेंब नाही. तुला तरी माहीत आहे.”

“मला कागदावर दिसतं ते माहीत आहे.”

“कागद जाऊ दे. माझ्याकडे बघ ना!”

“बाबांकडे बघून बघून डोळे फुटले माझे, रोलांड. तेही असेच उभे राहायचे. ‘एक थेंब नाही.’”

“मी इस्पितळात पडलो होतो! तिथे मला कोण पाजणार होतं?”

“त्याच्या आधी घेतली असशील. तीन-चार आठवडे राहते ती. इथे खोटं बोलून काही होत नाही, मी तेहतीस वर्षं हेच बघतेय.”

“डॉक्टरने विश्वास नाही ठेवला, चालेल. तो कोण लागतो माझा? तू सुद्धा?” असं म्हणून तो गेला. त्याची लोकरी टोपी खुर्चीवर राहिली. इंगालिलने दार लावलं, पडदा सरकवला आणि तोटी दाबली. भावाच्या नावाने ती त्या दिवशी खूप रडली. रडत रडत पेला भरत होती आणि दोन्हींचा संबंध तिच्या लक्षात आला नाही.

जानेवारीत एस्किलने ती सीट दुसऱ्याला दिली. तो सांगायला स्वतः रोलांडच्या घरी गेला होता, म्हटलं ना, बरा माणूस. फेब्रुवारीपर्यंत गावात कळलं की रोलांड पुन्हा प्यायला लागलाय. “मला ठाऊकच होतं,” इंगालिल म्हणाली.

फेब्रुवारीच्या शेवटी जिल्ह्याच्या गावी रक्त घेणाऱ्यांसाठी प्रशिक्षणाचा दिवस होता. प्रयोगशाळेची बाई पडद्यावर पेथ समजावत होती आणि इंगालिल मान हलवत होती, तिला सगळं पाठ होतं. मग ती बाई म्हणाली, “एक लक्षात ठेवा. अलीकडे रक्त चढवलेलं असेल तर आकडा रुग्णाचा नसतो, देणाऱ्याचा असू शकतो. देणारा भरपूर पिणारा असेल तर घेणाऱ्याने थेंब न पिताही वर येतो. म्हणून आधी विचारा. अर्जावर तो प्रश्न छापलेला नाही, तुम्ही विचारायचा.”

इंगालिलच्या हातातली कॉफी तशीच राहिली. तिला विचारायची गरजच नव्हती. ती त्या खाटेशी बसली होती. पिशवी ठिबकताना तिने डोळ्यांनी पाहिली होती आणि सहाव्या दिवशी त्याला ओढत आणून त्याच्या शिरेत सुई घातली होती. तिने फोन उघडला. संदेश तिथेच होता, तारखेसकट. बसमधून घरी येईपर्यंत तिने तो किती वेळा वाचला त्याला गणती नाही.

सोमवारी ती फाल्कपुढे उभी राहिली. रक्त चढवल्याचं सांगितलं.

“असं पण होतं?” फाल्क म्हणाला. “ऐकलं नव्हतं बुवा.”

“पत्र लिही लायसन्सवाल्यांना. आज. आणि माझ्यासाठी पण एक पेथ लिहून दे.”

“तुझ्यासाठी? कशाला?”

“लिही म्हणते ना.”

तिने पट्ट्याचं एक टोक दातात धरलं आणि स्वतःच्या डाव्या हाताचं रक्त उजव्या हाताने काढलं. सवयीने आधी आपलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं होतं. आकडा आला एक पॉइंट थ्री. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की यंत्र बिघडलं असेल. मग ती घरी गेली, फडताळातला खोका काढून सिंकमध्ये ओतला आणि तो तिने परवाच उघडला होता हे तिला आठवलं. त्यातून फार थोडं पडलं. लाज म्हणजे काय ते तिला त्या सिंकपाशी कळलं. त्याच आठवड्यात तिने पलीकडच्या गावातून नवा खोका आणला, हेही इथेच सांगून टाकलेलं बरं.

अर्जाचं उत्तर मार्चमध्ये आलं. रक्त चढवल्याचा खुलासा मान्य. चौदा दिवसांच्या आत नवा नमुना द्यावा. तो स्वच्छ आल्यास चौथा नमुना म्हणून धरला जाईल.

ते पत्र घेऊन ती धावतच रोलांडकडे गेली. सकाळचे अकरा वाजले होते. दार उघडताच तिच्या नाकाने तिला सांगितलं, आणि पाठीमागे तिच्या हाताची तीन बोटं आपोआप उघडली. बघायला मागे कोणी नव्हतं.

रोलांडने पत्र सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. “म्हणजे मी खरं बोलत होतो,” तो म्हणाला.

“हो.”

“तेव्हा.”

“हो. रोलांड, चौदा दिवस आहेत. आजपासून बंद केलंस तर—”

“चौदा दिवसांत जात नाही ते. तीन-चार आठवडे राहतं. तूच शिकवलंस मला, या बाईसाहेब तेहतीस वर्षं हेच बघताहेत.”

तिने कार्यालयात फोन केला, मुदत वाढवा म्हणून. पलीकडची मुलगी गोड बोलली. तारीख म्हणजे तारीख, ती म्हणाली. आले नाहीत तर काय धरतात ते तुम्हाला माहीत असेलच.

चौदाव्या दिवशी रोलांड सहा किलोमीटर बर्फातून चालत आला. दाढी केली होती, स्वच्छ शर्ट घातला होता. तिने काही म्हणायच्या आत ओळखपत्र टेबलावर ठेवलं आणि बाही वर केली.

“नको देऊस आज,” ती म्हणाली. “आजारी आहेस असं लिहून घेते फाल्ककडून.”

“घे गं. या वेळी बरोबर येईल.”

तिने पट्टा बांधला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं आणि रिकामी नळी तिच्या हातात होती. क्षणभर तिच्या मनात आलं की त्याला बाहेर पाठवावं, ही नळी आपल्या रक्ताने भरावी आणि त्याच्या नावाची चिठ्ठी लावावी. तेहतीस वर्षांत असला विचार तिला शिवला नव्हता. मग तिला स्वतःचा आकडा आठवला. भावाला वाचवायला तिच्याकडे रक्तसुद्धा उरलं नव्हतं. तिने त्याच्या शिरेत सुई घातली, पहिल्याच फटक्यात.

परत जाताना तिने त्याला गाडीत घेतलं. नदीच्या कडेने रस्ता जात होता, समोरून एस्किलचा ट्रक ओंडके घेऊन आला आणि बर्फ उडवत निघून गेला. रोलांडने मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला. निकाल यायला दहा दिवस होते, पण त्याची कुणाला वाट बघायची नव्हती.

“रोलांड, नोव्हेंबरात तुझ्यात जे सापडलं ना, ते माझं होतं.”

“तुझं म्हणजे?”

“इस्पितळातली ती पिशवी. मी घेते. रोज. बारा वर्षं झाली. माझं रक्तही तपासून घेतलं.”

रोलांड हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “बारा वर्षं तुझ्या घरी येतोय, कॉफीशिवाय काही पुढे केलं नाहीस. आणि पाजलीस ती अशी. थेट शिरेत.”

चाळीस वर्षं ती गाडी चालवत होती, लायसन्स पर्समध्ये होतं आणि ते कुणी कधी तपासलं नव्हतं.

“किती आलं तुझं?” त्याने विचारलं.

आकडा तिच्या तोंडून निघेना. तिने स्टिअरिंगवरून उजव्या हाताची तीन बोटं उचलली.

रोलांडने ती बोटं पाहिली. तीन म्हणजे काय करायचं हे त्याला सहाव्या वर्षापासून पाठ होतं. “थांबव,” तो म्हणाला. गाडी थांबली तसा तो दार उघडून उतरला आणि राहिलेले चार किलोमीटर चालत गेला.